काटा खाली येईपर्यंत

ठोश्या भांडायला गाडीतून उतरायचा, पण काटा खाली आल्याशिवाय नाही.

खाणीवर नव्याने आलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागे. कुणी त्याचा नंबर मोडून आपली गाडी पुढे घालायचं, वर खिडकीतून डोकं काढून शिवी हासडायचं, आणि बघायचं तर हा माणूस स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसलेला. इंजिन चालू. नजर शिवी देणाऱ्याकडे नाही, काचेशेजारच्या खांबावर बसवलेल्या दोन गोल काट्यांकडे. समोरच्याला वाटे, घाबरला. मग तो खाली उतरून आणखी चढे, दारावर लाथ घाली, ठोश्याच्या सात पिढ्या उकरून काढी. जुने ड्रायव्हर मात्र विड्या विझवून, सावलीतली बरी जागा धरून उभे राहत.

"अरे, निघ इथून," एखादा दयाळू सांगे. "त्याचा टर्बो थंड होतोय."

"मग?"

"मग तू गरम होशील."

चढण चढून आलेली गाडी लगेच बंद करायची नसते. टर्बोचा पंखा लाल झालेला असतो. इंजिन एकदम बंद केलं तर आतलं तेल जागीच करपतं आणि टर्बो बसतो. म्हणून गाडी उभ्या उभ्या चालू ठेवायची, धुराची उष्णता दाखवणारा काटा खाली उतरू द्यायचा, आणि मगच किल्ली फिरवायची. ठोश्याने किल्ली फिरवली, दार उघडलं, की पुढचं काम थोडक्यात उरके. उजव्या हाताचा एकच ठोसा. जबड्याखाली बसला तर माणूस उभ्याचा बसे, बसल्याचा आडवा होई. कानाजवळ बसला तर चार दिवस डोक्यात भुंगा घोंघावे. त्या हाताच्या बोटांचे सांधे अक्रोडासारखे झाले होते. आईबापांनी ठेवलेलं नाव त्या हाताने कधीच पुसून टाकलं होतं. पगाराच्या दिवशीही त्याला 'ठोश्या' म्हणूनच हाक मारत.

खाण खोल खड्ड्यात आणि खडी फोडायचं मशीन वर, टेकडीच्या माथ्यावर. मधे एकच चढण. एका अंगाला कापलेला कडा, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. वळणं इतकी आखूड की मोठ्या ट्रकला अंग फिरवायला जागा नाही, म्हणून दगड वाहायला डिझेलच्या पिकअपा. ज्याची गाडी आधी वर, त्याचा माल आधी रिकामा. सगळी मारामारी त्या 'आधी'साठी होती. डोकी फुटायची, काचा फुटायच्या, आणि संध्याकाळी तीच माणसं एकमेकांच्या गाडीला धक्का द्यायची.

पण ठोश्याच्या घरात हाताची भीती निराळी होती.

त्याच्या बापाने सख्ख्या भावाला मारलं होतं. टॉमीने. टॉमी म्हणजे जॅक फिरवायचा, चाकाचे नट खोलायचा हातभर लोखंडी दांडा. प्रत्येक गाडीत सीटमागे असतो. भांडण कशावरून, तर जीप आज कुणी धुवायची यावरून. बादली अजून भरायची होती, तोवर चुलता अंगणात पडला होता. बाप तुरुंगात गेला आणि तिथेच संपला. ठोश्या तेव्हा मोठा, म्हणजे शेंबूड आपला आपण पुसण्याइतका. धाकटा आईच्या कडेवर. आईने अंगण स्वतः धुतलं. त्या दिवसापासून तिचं एकच मागणं होतं, आणि ते ती देवापेक्षा पोरांकडेच जास्त मागे: "दोघांतला एकही दुसऱ्याच्या हातून जायचा नाही. बाकी तुम्ही काय दिवे लावायचे ते लावा."

पोरं मोठी झाली. थोरला ड्रायव्हर झाला, धाकटा मिस्त्री. घर एकच, दोन खोल्यांचं. मागे पत्र्याच्या शेडमध्ये धाकट्याचं गॅरेज. ठोश्या गाडी घेऊन घरी आला की आई हात पुसत बाहेर यायची, सीटमागून टॉमी काढायची आणि आपल्या गादीखाली ठेवून द्यायची. सकाळी त्याच्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात टॉमी.

"आई, रस्त्यात पंक्चर झाली तर टॉमी लागते. घरात कुणाला लागते?"

"म्हणूनच घरात नको," आई म्हणे.

ठोश्याची बायको सुरुवातीला हसली. मग तिला तो गादीखालचा उंचवटा दिसला, आणि ती हसायची थांबली.

दोन काटे धाकट्यानेच बसवले होते. त्याआधी ठोश्याने एक इंजिन जाळून टाकलं होतं. त्या दिवशी धाकटा वितळलेला पिस्टन तळहातावर घेऊन आला, वाकलेल्या मेणबत्तीसारखा.

"हे बघ, दादा. हे तू पायाने केलंस."

"मी काय लाथ मारली त्याला?"

"लाथच. चढणीला पाय दाबून धरतोस, खालचा गिअर घेत नाहीस. आत काय शिजतंय ते तुला दिसत नाही."

मग त्याने धुराच्या पाइपाला, टर्बोच्या अलीकडे, भोक पाडून एक बारीक सळई आत सोडली. ती उष्णता मोजते. हवेच्या पाइपातून दुसरी नळी काढली. दोन्ही वर खांबाशी आणून दोन काटे लावले.

"हा हवेचा. टर्बो इंजिनात किती हवा कोंबतोय ते सांगतो. हा धुराचा. इंजिनातून निघणारा धूर किती तापलाय ते. हवा वर, धूर वर, तर समज ओझं आहे, चालू दे. हवा खाली आणि धूर वर, तर कुठंतरी पाइप फुटलाय, थांब. आणि धूर सातशेच्या वर जायला लागला, तर पाय उचल, गिअर खाली घे. मग तुझ्या बापाची गाडी असली तरी."

"बापाची जीप होती."

"तिला काटे नव्हते," धाकटा म्हणाला. दोघेही हसले. बापावर हसायला त्यांना एवढंच जमत असे.

ठोश्याला आधी हा पोरखेळ वाटला. पण खोल खड्ड्यातून वर निघताना, दगडांच्या भाराने गाडीचं नाक वर उचललेलं असताना, त्या दोन बारीक सुया कशा सरकतात ते बघायची त्याला चटक लागली. पाय अर्धा बोट उचलला की धूर उतरे. गिअर पडला की हवा सरसरून वर येई. इंजिनाच्या पोटातलं त्याला कळू लागलं. माणसांच्या पोटातलं त्याला कधीच कळलं नव्हतं, म्हणून हे जरा जास्तच आवडलं. बायकोच्या लाल नेलपॉलिशने त्याने धुराच्या काचेवर सातशेच्या जागी एक बारीक रेघ ओढली. सुई त्या रेघेला शिवू द्यायची नाही.

त्याचं बघून खाणीवरच्या सगळ्यांनी काटे बसवून घेतले, आणि खुणा करायची रीतच पडली. कुणाची पांढरी, कुणाची पिवळी. आपली खूण आपणच करायची. दुसऱ्याच्या खुणेला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणं.

एका उन्हाळ्यात धाकट्याने तो घास उचलला. इंजिन जुनं झालं होतं, ऊन मी म्हणत होतं. त्याने न विचारता थिनरच्या बोळ्याने लाल रेघ पुसली आणि खाली नवी ओढली. ठोश्याला ते वर मशीनपाशी दिसलं, तेही एकटा असताना नाही.

"काय रे, लगाम धाकट्याच्या हातात दिला काय?" कुणीतरी म्हणालं. सगळे खिदळले.

ठोश्या घरी आला. त्या दिवशी काटा खाली येईपर्यंत तो गाडीत बसला, दार उघडलं, गॅरेजमध्ये गेला. धाकटा गाडीखालून सरपटत बाहेर येत होता. तो पुरता उभा राहण्याआधीच ठोसा बसला. समोरचे दोन दात जमिनीवर पडले. धाकट्याने ते उचलले, फडक्याने पुसले, खिशात टाकले. आई दारात उभी होती. तिने गाडीतून टॉमी काढली, आत जाऊन गादीखाली सारली आणि तिच्यावर बसून राहिली.

ठोश्याने रेघ परत सातशेवर ओढली, आणि तेव्हापासून भाऊ भावाशी बोलेना. बोलणं अडत नव्हतं, कारण मधे आई होती. दोघे एकाच खोलीत, एकाच भिंतीला टेकून जेवत, आणि चाले असं:

"आई, त्याला सांग, मागचा ब्रेक घासतोय."

"ब्रेक बघ म्हणतो."

"आई, त्याला सांग, ऐकलं मी. बहिरा नाहीये. दात गेलेत, कान आहेत."

"बघतो म्हणतो."

आईच्या तोंडून निरोप जायचा तो सोलून. धाकटा म्हणे, "त्या रेड्याला सांग, क्लच चपलेसारखा वापरू नको." आई म्हणे, "क्लच जरा सांभाळ म्हणतो." थोरला म्हणे, "त्या बोळक्याला सांग, नट आवळायला हात लागतात, दात नाही." आई म्हणे, "नट आवळ म्हणतो, बाळा." माशातले काटे काढून पोराला भरवावं, तसं ती बोलण्यातले काटे काढून दोघांना भरवत होती. दोघांनाही ते माहीत होतं. दोघेही गिळत होते.

असंच एकदा धाकट्याकडे दोन दिवस गाडी राहिली. संध्याकाळी आई किल्ली घेऊन आली. ठोश्या हात धूत होता.

"झाली गाडी," आई म्हणाली.

"काय निघालं?"

आईने किल्ली पदराला पुसली. "धुराच्या सळईचं काहीतरी. नीट केलंय म्हणतो."

"आणखी काही?"

"जपून चालव म्हणतो."

ठोश्याने किल्ली खिशात टाकली. एवढं साधं बोलायला धाकटा कधीपासून शिकला, हे त्याच्या मनात आलं, आणि गेलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आल्यावर तो खड्ड्यातून निघाला. शेजारी मेव्हणा. बायकोचा हा धाकटा भाऊ खाणीवर सुरुंग लावायचं काम करी. वर्षानुवर्षं दारूच्या वातीशी खेळूनही त्याची दहाच्या दहा बोटं शाबूत होती, आणि ती तो येणाऱ्याजाणाऱ्याला मोजून दाखवी. ताईकडे जेवायला जायचं म्हणून तो वरपर्यंत निघाला होता.

"दाजी, मागे दगड जरा जास्त चढवलेत. टायर बघा, बसलेत."

"इंजिन बघ. कसं थंड आहे." ठोश्याने काट्याकडे बोट दाखवलं. नेहमी पहिल्या वळणावरच सुई लाल रेघेपाशी येऊन नाक घासायची. आज ती खूप खाली होती. "बोळक्याने काहीतरी बरं केलंय खरं."

"मग तोंडाने सांगा की त्याला."

"आईला सांगीन."

"तुम्हा दोघांना एकदा सुरुंगाला बांधायला पाहिजे," मेव्हणा म्हणाला. "वात ताईच्या हातात."

ठोश्या हसला आणि पाय दाबला. नेहमी जिथे तो गिअर खाली घ्यायचा, तिथे घेतला नाही. सुई सांगत होती, अजून जागा आहे. गाडीने भार खांद्यावर घेतला. हवेचा काटा वरच्या टोकाला. पुढच्या पिकअपला त्याने वळणावर मागे टाकलं. तिच्या ड्रायव्हरची शिवी वाऱ्यावर आली आणि गेली. लाल रेघ अजून दूर होती. पाय तसाच.

शेवटच्या उभ्या चढावर आधी वास आला. तापलेल्या तव्यावर काही सांडावं तसा, पण धातूचा. मग हवेचा काटा धपकन खाली पडला. इंजिनाने एक कोरडा खोकला काढला. ठोश्याने क्लच दाबून खालचा गिअर शोधला, तो पडेना, आणि तेवढ्यात इंजिन मेलं. इंजिन मेलं की भरल्या गाडीचा ब्रेक पायाखाली दगड होतो. त्याने उभं राहून ब्रेक दाबला. हँडब्रेक छातीपर्यंत ओढला. गाडी क्षणभर टिकली, आणि मागे सरकू लागली.

मेव्हण्याने विचार केला नाही. असं झालं की शेजारच्याने उडी मारायची आणि चाकामागे दगड लावायचा, हे त्या चढणीवर पोराटोरांनाही माहीत होतं. त्याने उडी मारली, कड्याशी पडलेला धोंडा दोन्ही हातांनी उचलला, मागच्या चाकाखाली घातला. चाक धोंड्यावर चढलं. धोंडा निसटला. मेव्हणा उठत होता. गाडी त्याच्यावरून गेली, तोंड फिरून कड्यात घुसली आणि आडवी थांबली, आणि मागचे दगड उसळून त्याच्यावरच कोसळले.

ठोश्याने ते दगड एकट्याने उपसले. नखं निघाली. खाली मेव्हण्याचा चेहरा तेवढा नीट होता. हातांची बोटंही नीट होती, दहाच्या दहा. बाकी बघण्यासारखं काही नव्हतं, आणि ठोश्याने ते सगळं बघितलं.

माणसं जमली. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने कड्यात रुतलेल्या गाडीखाली डोकं घातलं. वाकडं झालेलं बॉनेट उचकटून हात आत घातला आणि पोळल्यासारखा मागे घेतला.

"ठोश्या, तुझी सळई कुणी हलवली?"

"का?"

"टर्बोच्या पलीकडे लावलीय. टर्बो फिरवून पलीकडे गेलेला धूर निवलेला असतो. तिथे काटा शे-दीडशेने कमी दाखवतो. तू तुझी जुनी खूण धरून आलास ना? मग आत आठशेच्या वर भट्टी पेटली होती. पिस्टन पाणी झाले असतील." मग त्याने काट्याच्या काचेकडे पाहिलं. "खूण का नाही हलवली त्याने?"

ठोश्याला उत्तर मिळालं होतं. दोन दात फडक्याने पुसून खिशात टाकणारा माणूस दात विसरत नाही. त्याने सळई हलवली आणि खूण ठेवली. चढणीच्या दुसऱ्या अंगाला काहीच नसतं, हे त्याला माहीत होतं. गाडी तिकडे जायची, ती इकडे गेली. माणूस जायचा एक, गेला दुसरा.

मुकादमाची पिकअप वर उभी होती, किल्ली लावलेली. ठोश्या तिच्यात बसला. कुणी अडवलं नाही. ती दगड वाहत नसे, म्हणून तिला काटे नव्हते. सीटमागे टॉमी होती.

ती गाडी त्याने टेकडीच्या पलीकडच्या उतारावरून घरी कशी आणली हे त्याला पुढे कधी आठवलं नाही. गॅरेजसमोर आला, किल्ली फिरवली आणि उतरला. थांबायला काही नव्हतं.

शेडमध्ये एक पिकअप बॉनेट उघडून चालू होती. धाकटा तिच्या इंजिनात वाकून, आवाजाकडे कान लावून ऐकत होता, त्यामुळे त्याला पावलं ऐकू आली नाहीत. पहिला फटका खांद्यावर बसला. धाकटा गरकन फिरला, हात वर केला, आणि दुसऱ्या फटक्याला तो हात कोपराखाली मोडला. ओल्या फांदीचा येतो तसा आवाज आला.

"दादा—"

"आता बोलतोस? आईला सांग."

तिसरा फटका त्याने डोक्याचा धरला होता. धाकटा खाली वाकला, टॉमी बॉनेटवर आपटली, आणि आयुष्यात पहिल्यांदा धाकटा भावाच्या अंगावर गेला. एका हाताने, डोक्याने, गुडघ्याने. दोघे इंजिनावर आदळले. तोल सावरायला ठोश्याने उजवा हात टेकला, तो टर्बोच्या मागच्या पाइपावर. धाकट्याने त्या हातावर आपलं सगळं अंग टाकलं, आणि काढलं नाही.

ज्या धगेचा आकडा ठोश्या इतकी वर्षं काचेवर वाचत आला होता, ती त्या दिवशी त्याने हाताने वाचली. चर्र झालं. वास शेडभर झाला. ठोश्या ओरडला तो आवाज आईने माणसाचा म्हणून ओळखला नाही. तिला वाटलं, इंजिनाचं काही तुटलं. धाकटा बाजूला पडला तेव्हा तळहाताची सगळी कातडी पाइपावर राहिली होती.

तरीही ठोश्याने टॉमी उचलली. डाव्या हाताने. धाकटा पाठीवर पडला होता, मोडका हात अंगाखाली. ठोश्या त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला.

"खूण का ठेवलीस?"

धाकट्याच्या तोंडातून रक्त येत होतं. त्याने दाराकडे बघितलं. दारात आई होती.

"विसरलो," तो म्हणाला.

"विसरलास? मेव्हणा गेला. चाकाखाली."

धाकट्याचे डोळे फिरले. मग पुन्हा तेच म्हणाला, हळू: "विसरलो, दादा. मार."

टॉमी वर गेली.

"त्याने सांगितलं होतं," आई म्हणाली.

ती धावली नाही. दाराची चौकट धरून उभी होती. तिचा आवाज रोज निरोप पोचवायचा तसाच होता, पण या वेळी तिने त्यातलं काहीच काढलं नाही.

"तो म्हणाला, सळईचं टोक झिजलंय, तुटून टर्बोत जाईल, म्हणून मागे लावलीय. म्हणाला, काटा आता कमी दाखवणार. त्या रेड्याला सांग, तुझी लाल रेघ आता खोटी आहे. तूच पूस आणि खाली ओढ. मी हात लावणार नाही, मागच्या वेळी लावला तर दोन दात मोजून द्यावे लागले. असं म्हणाला. मला वाटलं, तुझी रेघ खोटी म्हटलं की तू परत याच्या अंगावर जाशील. म्हणून मी तेवढं गाळलं. तेवढंच गाळलं."

इंजिन चालूच होतं. कुणाला बंद करायचं सुचलं नाही. ठोश्याची टॉमी वर होती, डाव्या हातात. त्या हाताला मारायची सवय नव्हती. गुडघ्याखाली धाकट्याची छाती वरखाली होत होती.

तेवढ्यात बायको आली. कुणीतरी तिला चढणीवर नेलं होतं आणि तिथून परत आणलं होतं. तिच्या पदराला तिच्या भावाचं रक्त होतं. तिने खाली पडलेल्या दिराकडे बघितलं, नवऱ्याच्या हाताकडे, सासूकडे. सगळं तिने ऐकलं होतं की आल्याआल्या तिला कळलं, कोण जाणे.

"उठा," ती नवऱ्याला म्हणाली. "याला मारून काय होणार? माझ्या भावाला तुमच्या ठोशाने मारलं. त्या दिवशीच. दोन दात पडले ना, तेव्हाच तो गेला. आज नुसता चाकाखाली आला."

ठोश्या उठला. टॉमी कुठे ठेवावी हे त्याला कळेना. आईने हात पुढे केला. त्याने ती तिच्या हातात दिली, आणि तिने सवयीने ती काखेत घेतली, जणू संध्याकाळ झाली होती.

त्यानंतर त्या घरात बराच काळ कुणी कुणाशी नीट बोललं नाही, पण मधे आईही राहिली नाही. ती म्हणाली, आता ज्याचं त्याने बोला, मला जमत नाही. पहिल्यांदा दोघे भाऊ बोलले ते असं:

"कापूस दे."

"दोन्ही हातांनी घे की."

"तूच घे दोन्ही हातांनी."

एकाचा हात फळीत, एकाचा चिंध्यांत. दोघांना मिळून दोन हात होते. त्या दोन हातांनी पुढे त्यांनी इंजिन बांधलं. धाकटा सांगे, ठोश्या धरे. ठोश्याची उजवी बोटं आत वळून कातडीने एकमेकांना चिकटली होती. मूठ कायमची झाली होती, पण ठोशाची नाही. घमेलं धरायलाही ती उपयोगाची नव्हती. स्टिअरिंगवर ती आकड्यासारखी अडकवायची आणि गिअर टाकताना गुडघ्याने चाक सांभाळायचं, हे तो शिकला.

गाडी तयार झाली तेव्हा धाकट्याने काट्याची काच नवी घातली, कोरी. सळई त्याने टर्बोच्या पलीकडेच ठेवली होती.

"खूण?" त्याने विचारलं.

"मला बाटली धरता येत नाही," ठोश्या म्हणाला.

बायको आतून नेलपॉलिश घेऊन आली. भाऊ गेल्यापासून ती नवऱ्याशी गरजेपुरतंही बोलत नव्हती. ती गाडीत चढली.

"साडेपाचशेवर," धाकटा म्हणाला.

तिने काचेवर बोट ठेवून जागा बघितली. मग त्याच्याही बरीच खाली रेघ ओढली, जाड. धाकट्याने तोंड उघडलं, ठोश्याकडे पाहिलं, आणि मिटलं. त्या रेघेखाली राहायचं तर ती चढण पायी चालणाऱ्याच्या वेगाने चढावी लागते. ठोश्या तशीच चढू लागला. दगड कमी भरायचा, खालच्या गिअरात कण्हत वर यायचा. मागे गाड्यांची रांग लागे, हॉर्न वाजत. धोंडा निसटला त्या जागी तो कड्याकडे बघत नसे, सुईकडेच बघे.

एक दिवस मशीनपाशी एक नवा ड्रायव्हर त्याच्यामागून आला. रांगेत अडकून त्याचं डोकं फिरलं होतं. उतरला, ठोश्याच्या दारापाशी आला, काचेवर थाप मारली, आणि सुरू झाला. म्हाताऱ्या, बैलगाडी घे. लुळ्या, रस्ता तुझ्या बापाचा काय. बापाचं त्याने बरंच काही काढलं. त्याला बाप माहीत नव्हता.

जुने ड्रायव्हर बघत होते. यावेळी कुणी विडी विझवली नाही, आणि कुणी त्या नव्याला पळ असंही म्हणालं नाही. फक्त बघत होते.

ठोश्या समोर बघत बसला होता. वाकडी मूठ स्टिअरिंगला अडकलेली. सीटमागे टॉमी होती. सकाळी आईने डब्याबरोबर दिली होती. नवा माणूस शेवटी दमला, थुंकला, काचेवरून ते ओघळलं, आणि तो आपल्या गाडीकडे परत गेला.

धुराचा काटा केव्हाच खाली आला होता. ठोश्याने इंजिन चालूच ठेवलं होतं.